पियानो: मात्रा किती, कशी आणि कोणाला?

ताण आणि नैराश्य यांच्यासाठी पियानो ऐकण्याबद्दल आणि वाजवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी. मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचं निदान झालं आणि तीन आठवड्यांपासून गोळी सुरू आहे. फारसा फरक नाही. मित्राच्या सांगण्यावरून रोज रात्री दोन तास हेडफोन लावून ‘४३२ हर्ट्‌झ’चं पियानो संगीत ऐकतो. ऐकताना बरं वाटतं, पण नंतर जास्तच उदास होतो. गोळी बंद करून संगीतावरच भर द्यावा का?

गोळी बंद करू नका. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम नीट दिसायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे तीन आठवड्यांत निकाल लावणं घाईचं आहे. मध्येच सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोपेचा विचका, डोक्यातून वीज गेल्यासारखे झटके असे त्रास होऊ शकतात. मात्रा वाढवायची की औषध बदलायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

संगीताचा उपयोग औषधाच्या जोडीला होतो. फिनलंडमधल्या यवास्किला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये नैराश्याच्या ७९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू होते. एका गटाला त्याशिवाय संगीतोपचाराच्या २० बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी या गटाचं नैराश्य आणि चिंता दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली होती, पण सहा महिन्यांनी तो फरक तितका ठळक राहिला नव्हता. दोन गोष्टी लक्षात घ्या. त्या रुग्णांनी नुसतं ऐकलं नव्हतं, थेरपिस्टबरोबर बसून स्वतः वाजवलं होतं. आणि वाद्यं होती कांडीने वाजवायची आणि चामड्याची, पियानो नव्हे. म्हणजे पियानोच्या आवाजात काही अद्‌भुत द्रव्य आहे, असं समजायचं कारण नाही.

४३२ हर्ट्‌झचं सोडून द्या. जगभर पांढरी ६ (मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, म्हणजे पाश्चात्त्य ‘ए’ हा सूर) साधारणपणे ४४० हर्ट्‌झवर लावतात. ती ४३२ वर आणली तर सगळा पियानो अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाने उतरतो, इतकंच होतं. त्याने नैराश्य हटतं याला आधार नाही.

आता नंतर येणाऱ्या उदासीबद्दल. अंधारात आडवं पडून, डोळे मिटून, एकाच संथ लयीचं आणि कुठेच न संपणारं संगीत दोन तास ऐकलं की मन रिकामं राहत नाही, तेच ते विचार उगाळत बसतं. नैराश्यात ही उगाळण्याची सवय आधीच बळावलेली असते, त्यात उदास संगीताची भर पडली की ती घट्ट होते. म्हणून वेळ तोडा आणि क्रम बदला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेली पद्धत संगीतोपचारात आजही वापरली जाते. सुरुवात मनाच्या आत्ताच्या अवस्थेला जुळणाऱ्या संगीताने करायची आणि मग पायरीपायरीने हव्या त्या अवस्थेकडे न्यायचं. उदास माणसाला थेट आनंदी संगीत लावलं तर ते त्याला परकं वाटतं, कधी चीडही आणतं.

उदाहरणादाखल ही यादी घ्या. आधी बीथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग (पाच-सहा मिनिटं), मग शोपँचं ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न, ओपस ९ क्रमांक २ (साडेचार मिनिटं), पुढे बाखचं सी मेजर प्रिल्यूड (दोन-अडीच मिनिटं) आणि शेवटी डेब्युसीचं पहिलं अ‍ॅराबेस्क (चार-पाच मिनिटं). सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत संपतं. ही यादी स्वतः बनवून फोनमध्ये साठवा आणि ‘आपोआप पुढचं वाजवा’ बंद ठेवा. नाहीतर ‘मूनलाइट’चा तिसरा भाग सुरू होईल आणि तो भलताच आक्रमक आहे.

खुर्चीत बसून, दिवा लावून ऐका. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. ऐकण्याआधी मनःस्थितीला ० ते १० पैकी एक आकडा द्या आणि संपल्यावर उठून दोन मिनिटं घरात चालून पुन्हा द्या. सलग तीन दिवस नंतरचा आकडा आधीपेक्षा खाली आला तर यादीतला पहिला तुकडा काढून टाका. तरीही तसंच होत असेल तर सध्या ऐकणं थांबवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

जगणं नकोसं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, यातलं काहीही असेल तर यादीबिदी बाजूला ठेवा. घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : वय ६१, ठाणे. निवृत्तीनंतर सौम्य नैराश्य आलं, उपचार चालू आहेत. नातवाचा कीबोर्ड घरात पडून आहे. लहानपणी पेटीवर सा रे ग म शिकले होते, त्यापुढे काही नाही. नोटेशन वाचता येत नाही. मला पियानो ‘उपचार’ म्हणून वाजवता येईल का?

येईल, आणि नोटेशनची गरज नाही. पेटी शिकलात हे तर फारच सोयीचं आहे.

पियानोच्या पाच काळ्या पट्ट्या म्हणजे पाच सुरांचा तयार संच. मोजायच्या पेटीसारख्याच: दोन काळ्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे पांढरी १, आणि तिच्यापासून उजवीकडे काळ्या मोजत गेलं की काळी १ ते काळी ५. काळी ३ ला सा धरा. काळी ४ रे, काळी ५ ग, पुढच्या सप्तकातली काळी १ प आणि काळी २ ध. झाला भूप राग. पांढऱ्या पट्टीला हातच लावायचा नाही, म्हणजे वर्ज्य सूर लागायची भीतीच उरत नाही. ‘मला जमत नाही’ हे वाक्य नैराश्यात सतत डोक्यात फिरत असतं, त्याला इथे शिरायला फट मिळत नाही. म्हणूनच नवख्यांना आम्ही पांढऱ्या पट्ट्यांऐवजी इथून सुरुवात करायला सांगतो.

खुर्चीची उंची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा बोटभर वर राहील. टीपॉयवर कीबोर्ड ठेवून वाकून वाजवलंत तर चार दिवसांत मान धरेल. कीबोर्डच्या मधोमध असलेली पांढरी १ शोधा. तिच्या डावीकडे तीन काळ्यांचा जो पहिला गट आहे, त्यातली डावीकडची पट्टी म्हणजे काळी ३. तिच्यावर डाव्या हाताची करंगळी ठेवा आणि मधल्या पांढरी १ च्या लगेच उजवीकडच्या काळी १ वर अंगठा. हे सा आणि प, तुमचा तंबोरा. याहून खाली जाऊ नका, खालच्या सप्तकात हे दोन सूर एकत्र घुमतात आणि आवाज गढूळ होतो. उजवा हात त्यापुढच्या तीन काळ्यांच्या गटापासून वर. काळ्या पट्ट्यांवर बोटं पेटीपेक्षा थोडी सपाट ठेवावी लागतात, टोकावर उभी केली की घसरतात.

मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारी सोय) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, बहुतेक कीबोर्डमध्ये तो असतो. चार ठोके श्वास आत, सहा ठोके बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात आणि या गतीला शरीर शांत होऊ लागतं. श्वास सोडायला सुरुवात करताना डाव्या हाताने सा-प एकदा दाबा आणि धरून ठेवा. त्या सहा ठोक्यांत उजव्या हाताने दोन किंवा तीनच सूर वाजवा, जे सुचतील ते. श्वास घेताना उजवा हात थांबलेला. पहिला आठवडा हे आठ मिनिटं करा, मग बारा ते पंधरा. आठवड्यातून पाच दिवस पुरे, आणि वेळ शक्यतो सकाळी एकच ठरवलेली. मन लागलं तरच वाजवीन असं ठेवलंत तर वाजवणं होणार नाही, कारण मन न लागणं हेच तर आजाराचं लक्षण आहे.

सूर लांबवणारं पायाचं पेडल असेल तर टाच जमिनीवर टेकवून चवड्याने दाबा आणि दर श्वासाला एकदा सोडून पुन्हा दाबा. दाबून तसंच ठेवलं तर सगळे सूर एकमेकांत मिसळतात. चौकोनी स्वस्त पेडल फरशीवर पुढे पळतं, त्याखाली रबरी पायपुसणं घाला.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला गती वाढते. ती बोटांमुळे वाढत नाही, श्वास आखडल्यामुळे वाढते. तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवा आणि दोन श्वास नुसता सा-प वाजवा. डावा हात उजव्याइतक्याच जोरात पडत असेल तर तंबोरा बडवल्यासारखा वाटतो, तो निम्मा करा. खांदे वर चढलेत का, हे अधूनमधून तपासा. सर्वांत चिवट अडचण म्हणजे भूप वाजवता वाजवता त्यात ओळखीचं गाणं बसवायचा मोह. गाणं आलं की चूक-बरोबर आलं, आणि पाठोपाठ स्वतःला रागावणं आलं. गाणी जरूर बसवा, पण या पंधरा मिनिटांत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सा हलवून बघा. पट्ट्या त्याच पाच काळ्या. डाव्या हातात काळी १ आणि काळी ४ धरलीत, म्हणजे काळी १ ला सा धरलात, तर तोच संच दुर्गा राग होतो. काळी ५ ला सा धरलात, तर मालकंस होतो. त्यात पंचम (प) नाही, म्हणून तंबोऱ्याला काळी ५ आणि काळी २, म्हणजे सा-म घ्यायचे. एक हात दोन पट्ट्या सरकला की सगळ्या वातावरणाचा रंग बदलतो, हे स्वतःच्या हातांनी करून बघण्यासारखं आहे. मालकंस मात्र भारदस्त आणि आत ओढणारा आहे. मन खाली असलेल्या दिवशी तो नको.

कान तयार असलेल्यांना पियानोवरच्या भूपाचा गंधार (ग) थोडा चढा वाटतो. तो चढाच असतो. तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वाभाविक गंधारापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंटने वर असतो, आणि सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. शिवाय मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, इथे नाही. रागदारीचं समाधान इथे शोधू नका, ते गाण्यात किंवा सतारीत शोधा.

तुमच्या वयात याचा उपयोग होतो का? बार्सिलोनात ६० ते ८४ वयाच्या लोकांना चार महिने पियानो शिकवला, तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठाने ३१ प्रौढांवर केलेल्या २०२२ च्या अभ्यासात आठवड्याला एक तास याप्रमाणे अकरा आठवडे शिकलेल्यांचा ताण आणि उदासी कमी झाली. दोन्ही गट लहान आहेत, तेव्हा याला आशादायक म्हणावं, खात्रीचं नाही.

सकाळी बोटं आखडत असतील तर कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून मग बसा. वाजवताना दुखलं तर त्या दिवशी थांबा. आणखी एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी. नैराश्याचे उपचार चालू असताना अचानक उत्साह उसळला, झोपेची गरजच वाटेना आणि माणूस रात्री चार-चार तास वाजवत बसू लागला, तर ती सुधारणा समजू नये. मनाचा कल दुसऱ्या टोकाकडे जात असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : यासाठी मोझार्टच ऐकायला हवा का? मला नाट्यसंगीत आवडतं.

मोझार्टची कीर्ती १९९३ च्या एका प्रयोगावरून पसरली. त्यात ३६ कॉलेज विद्यार्थ्यांनी मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटं ऐकला आणि आकृत्यांच्या कोड्यांत ते दहा-पंधरा मिनिटांपुरते थोडे सरस ठरले. नैराश्याशी त्याचा संबंध नव्हता. स्वतःला आवडणारं संगीत दुसऱ्याने लिहून दिलेल्या संगीतापेक्षा सहसा जास्त उपयोगी पडतं. पियानोची एक सोय आहे, त्यात शब्द नसतात. पदातल्या शब्दांबरोबर आठवणी येतात, आणि त्या नेहमीच हव्याशा असतात असं नाही. दिवसा नाट्यसंगीत आणि रात्री शब्दांशिवायचं काही, अशी वाटणी करून बघा.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, मुंबईत पियानोच्या परदेशी बोर्डाच्या ग्रेड परीक्षा देते. पूर्वी आनंदाने वाजवायची. आता सरावाला बसली की रडते. शिक्षिका म्हणतात, वाजवत राहिली की ताण आपोआप जाईल.

वाजवण्याने ताण जातो हे खरं असलं, तरी ज्या वाजवण्याचा ताण आला आहे त्याच वाजवण्याने तो जाणार नाही. स्केल (सुरांच्या चढ-उताराचे पाठ), ठरलेले तीन तुकडे, साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन बघताक्षणी वाजवणं) आणि परीक्षक, हा अभ्यास आहे. गणिताच्या धसक्यावर आणखी गणित द्यावं तसंच हे.

ही एक परीक्षा पुढे ढकला. एका सत्राने काही बिघडत नाही, फक्त नाव मागे घेण्याची मुदत बोर्डाच्या माहितीपत्रकात बघून घ्या. पियानो बंद करू नका, पण पुस्तक बंद करा. रोज दहा मिनिटं, पुढ्यात नोटेशन नाही, दार लावलेलं आणि घरातून ‘वा, छान’ सुद्धा नाही. वरच्या पत्रातला काळ्या पट्ट्यांचा प्रकार तिला पोरकट वाटेल. तिला डाव्या हातात सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड (एकत्र दाबायचे सुरांचे गट) फिरवत उजव्या हाताने मनाला येईल ते वाजवू दे. ग्रेड देणाऱ्या मुलांना हे अनेकदा जमत नाही, सुरुवातीला ती बिचकेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिला ते कधी शिकवलेलंच नसतं.

मात्र रडणं पियानोपुरतं आहे की सगळीकडे, हे शोधा. मैत्रिणी तुटल्या, खाणं-झोप बदलली, चिडचिड वाढली, आवडीचं काहीच नको झालं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर परीक्षा पुढे ढकलून भागणार नाही. बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : रत्नागिरी. वाजवायला सुरुवात करायची आहे. कीबोर्ड घ्यावा, डिजिटल पियानो घ्यावा, की एका ओळखीच्यांकडचा जुना लाकडी पियानो स्वस्तात मिळतोय तो घ्यावा?

जुना लाकडी पियानो घेऊ नका. उभ्या पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा ताण काही टनांत जातो. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, हातोड्यांवरचा नमदा (लोकरीचा जाड थर) ओल धरतो आणि तारांना गंज चढतो. ओल घालवायला आत हीटर रॉड बसवावा लागतो, वर्षातून दोनदा ट्यूनर बोलवावा लागतो आणि तो बहुधा मुंबई किंवा गोव्याहून येणार. दोनशे किलोंच्या वर वजन, ते वेगळंच. ताण घालवायला घेतलेली वस्तू स्वतःच ताण होऊन बसते.

उपचारापुरतं वाजवायला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. अट एकच, हलकं दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर मोठा आवाज आला पाहिजे. हे नसेल तर सगळे सूर एकाच जोराने येतात आणि भावना हातातून वाद्यात उतरतच नाही. दुकानात एकच पट्टी तीन वेगवेगळ्या जोरांनी दाबून बघा. असे कीबोर्ड साधारण दहा ते वीस हजारांत मिळतात. ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोला साधारण ३५ हजारांपासून पुढे मोजावे लागतात. बोटांना होणारा विरोध आणि मऊ सुरावरचा ताबा यांत फरक नक्की आहे, पण सहा महिने नियमित बसणं झालं तरच त्याचा विचार करा. एक्स आकाराचा हलका स्टँड डुगडुगतो. घरात जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर उंचीचं भक्कम टेबल असेल तर तेच वापरा. पावसाळ्यात वाद्यावर कापड घाला आणि खिडकीपासून दूर ठेवा.

प्रश्न : पूर्वी संगीताशिवाय राहवत नसे. आता काहीही लावलं तरी आत काहीच हलत नाही. पियानो वाजवूनही तेच. मी काय चुकतोय?

तुम्ही काही चुकत नाही. आवडत्या गोष्टीतला रस उडणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे, आणि ‘संगीतसुद्धा नको झालंय’ हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. उपचारांच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. तूर्त संगीताकडून आनंदाची अपेक्षा काढून घ्या. रोज सकाळी उजेडात वीस मिनिटं चाला. वाजवायचं असेल तर पाच मिनिटं, एकच सूर दाबून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा, मग दुसरा. त्यातून काही ‘वाटलं’ पाहिजे असं नाही. औषध लागू पडू लागलं की रस सहसा परत येतो, पण झोप आणि भूक यांच्या मागून, जरा उशिराच.

प्रश्न : झोपताना पियानो रात्रभर लावून ठेवला तर चालेल का?

पंचेचाळीस मिनिटांचा टायमर लावा. झोपेची तक्रार असलेल्या ९४ विद्यार्थ्यांवर हंगेरीत झालेल्या अभ्यासात तीन आठवडे रोज झोपताना एवढाच वेळ शांत अभिजात संगीत ऐकणाऱ्यांची झोप सुधारली होती. स्पीकरवर लावा. इअरफोन घालून झोपू नका, कुशीवर वळलं की कान दुखतो.

प्रश्न : ‘म्युझिक थेरपिस्ट’ म्हणवणारे बरेच दिसतात. कोण खरं, कसं ओळखायचं?

पहिल्या फोनवर चार गोष्टी विचारा. शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं झालं? कुणाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम केलं? माझ्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला तयार आहात का? आणि फरक पडला की नाही, हे कसं मोजणार? शेवटच्या प्रश्नावर जो ‘ते तुम्हाला आपोआप जाणवेल’ म्हणेल त्याला नमस्कार सांगा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांनी नीट तपासणं गरजेचं असतं. जाणकार थेरपिस्ट ती किंवा तशीच एखादी पहिल्या बैठकीला आणि पुढे दर काही बैठकांनी भरून घेतो.

अमुक रोगावर अमुक राग असा तक्ता हातात देणारा, गोळ्या बंद करा म्हणणारा आणि पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा, हे तिघेही टाळा. आधी सहा बैठका ठरवा. गुण हलले नसतील तर सातवीला जाण्याआधी प्रश्नावलीचे कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.